‘अम्मी’तलं जोडाक्षर

पहिलीतलं मूल वाचायला कसं शिकतं, या विषयावर बोलायला मला बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. मी काही शिक्षक नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पण गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी मी आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत जातो आणि पहिलीच्या वर्गात बसतो. सुरुवातीला मुलांना गाणी ऐकवायला जात होतो. आता बहुतेक वेळ नुसता बघत असतो. घरी आल्यावर जे पाहिलं ते वहीत लिहून ठेवतो. आज बोलणार आहे ते त्या वहीतलं.

गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वर्गात तिसेक मुलं. बहुतेकांच्या घरी मराठी, पण ती पुस्तकातली नव्हे. चार-पाच घरी कन्नड, दोन मुली लमाणी बोलणाऱ्या आणि आमच्या मोहल्ल्यातली सहा-सात मुलं दखनी बोलणारी. या सगळ्यांना बाईंनी वर्षभरात एका लिपीत वाचायला शिकवायचं.

सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याला बोलता उत्तम येतं. भांडता येतं, खोटं बोलता येतं, गोष्ट रंगवून सांगता येते. फक्त आपण जे बोलतो त्याचे तुकडे पडतात, हे त्याला ठाऊक नसतं. एकदा बाईंनी विचारलं, “मुंगळा आणि हत्ती, यात मोठा शब्द कोणता?” सगळा वर्ग ओरडला, “हत्तीऽ!” बरोबरच आहे. शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहते, आवाज नाही. मग बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मुं-ग-ळा, तीन टाळ्या. ह-त्ती, दोन. वर्ग गप्प झाला. एक मुलगी बराच वेळ स्वतःशीच टाळ्या वाजवत राहिली. तिला काहीतरी सापडलं होतं. त्या दिवशी फळ्यावर एकही अक्षर लिहिलं गेलं नाही, पण वाचनाचा पहिला धडा झाला असं मी समजतो. वाचायला डोळ्यांच्या आधी कान लागतो. अभ्यासक याला ध्वनिजाणीव म्हणतात.

आपल्याकडे हे शिकवण्याची जुनी सोय आहे आणि आपण तिला खेळ समजून सोडून देतो. भेंड्या! शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्यावरून नवा शब्द काढायचा. यात मूल शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा आवाज हातात घेतं. आमच्या लहानपणी भेंड्यांत ‘ळ’ आला की भांडण व्हायचं, कारण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द कुणापाशीच नसायचा. मग ठरायचं, ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्या, ‘ण’ आला तर ‘न’ घ्या. हा तह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लिपीकडे येऊ. देवनागरी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानाने सांगतो. पहिलीच्या वर्गात बसल्यावर हा अभिमान थोडा उतरतो. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीतली बारा रूपं यांचा गुणाकार केला तरी चारशेच्या वर जातो. २००९च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत अधिकृतपणे आल्यावर बाराखडीची चौदाखडी झाली, तो हिशेब वेगळा. अर्थात, सगळी रूपं पाठ करायची नसतात. काना, वेलांटी, उकार यांची रीत कळली की पुरतं. पण ही रीत कळणं हीच अडचण असते. काना अक्षराच्या पुढे येतो, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. ‘कविता’ हा शब्द कितीतरी मुलं ‘किवता’ असा वाचतात. ‘क’ला चिकटून वेलांटी दिसते, ती त्यांनी ‘क’ला दिली. जन्मभर कविता लिहिलेल्या माणसाला हे ऐकून आधी हसू येतं, मग पटतं. चूक मुलाची नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही की ही वेलांटी उजवीकडच्या अक्षराची आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो. मूल मात्र शिकवलं तसं पूर्ण ‘घ’, पूर्ण ‘र’ असं वाचतं आणि थांबतं. त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने कधी ऐकलेलंच नसतं, म्हणून अर्थ लागत नाही. मग चांगल्या बाई काय करतात? “पटकन म्हण,” म्हणतात. मूल पटकन म्हणतं, शेवटचा ‘अ’ गळून पडतो आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो, “घर!” तिसरी अडचण ‘च’ची. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा. अक्षर एक, आवाज दोन. आपण मोठे ते वर्षानुवर्षं बिनचूक बोलत आलो म्हणून आपल्याला ते दिसतसुद्धा नाही.

म्हणूनच ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं आधी घोटून घ्यायची, मग बाराखडी, मग शब्द, या क्रमाला माझा विरोध आहे. त्या वाटेने गेलेल्या मुलाच्या हाती महिनोन् महिने वाचण्याजोगं काही लागतच नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ घोटण्यात त्याचे दिवस जातात. आमच्या बाई तीन अक्षरं आणि एक काना घेतात : म, क, ल. एवढ्यात बघा किती होतं! मामा, काका, काम, काल, लाल, माल, मका, मला, कला, कमाल. पंधरा दिवसांत मूल ‘लाल मका’ वाचतं आणि ‘मामा, मला मका’ असं स्वतः जुळवतं. वाचलं आणि कळलं, ही चव त्याला लवकर मिळते. नंतर पुढची चार अक्षरं, पुढचं एक चिन्ह. अनेक शाळांत आता असंच अक्षरगटांनी शिकवतात, बाईंनी काही नवा शोध लावलेला नाही.

नुसता उच्चार आणि अर्थ यांतलं अंतर मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या पहिलीच्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, मी दोन पाट्या घेऊन फिरत होतो. सकाळी मशिदीत बगदादी कायदा, दुपारी शाळेत मराठी. (आमच्या घरात ‘कायदा’ म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक. मराठीत कायद्याचा अर्थ वेगळा आहे हे कळल्यावर मी काही दिवस घाबरून होतो.) तिथे आम्ही म्हणायचो, बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु. ही अरबी अक्षरांची बाराखडीच की! वर्षभरात मी अरबी घडाघडा वाचू लागलो, एका शब्दाचाही अर्थ न कळता. तिथे ते योग्यच होतं. त्या वाचनाचा हेतू तिलावत, उच्चार जसाच्या तसा जपणं. पण शाळेतल्या वाचनाचा हेतू वेगळा असतो. तिथे मुलाला एसटीची पाटी, औषधाची बाटली, पुढे कधी सातबाऱ्याचा उतारा समजून वाचायचा असतो. तरीही आपल्या शाळांत कित्येक मुलं मराठी, आपली मानलेली भाषा, तशीच बिनअर्थाची वाचत असतात. २००५पासून घरोघरी जाऊन होणाऱ्या ‘असर’ या पाहणीत अक्षर वाचणारी मुलं, शब्द वाचणारी मुलं आणि सोपा उतारा वाचणारी मुलं वेगवेगळी मोजतात, ती याचसाठी. या पायऱ्यांच्या मध्ये मुलं अडकून बसतात.

असा एक अडकलेला मुलगा आमच्या वर्गात होता. त्याची आई आमच्याच गल्लीतली. एकदा दारात थांबवून म्हणाली, “भाई, मेरे बच्चे कू कुच आता नै बोलके बोल रैं.” मी त्याची पाटी पाहिलेली होती. अक्षर इतकं सुरेख की दुसरीची मुलं बघायला यायची. फळ्यावरचं हुबेहूब उतरवायचा. पण एखाद्या अक्षरावर बोट ठेवून ‘हे काय’ विचारलं की तो ‘क’पासून म्हणत म्हणत यायचा आणि त्या अक्षरापाशी थांबायचा. ‘भ’साठी त्याला तेवीस अक्षरांचा प्रवास करावा लागे. वर्गात तो जवळजवळ बोलतच नसे. पहिली-दुसरीत आपल्याकडे कुणाला नापास करत नाहीत, तेव्हा तो पुढे सरकत गेला असता. चौथीत सुंदर अक्षरात न समजलेलं उतरवणारा मुलगा झाला असता. तशी मुलं मी पाहिली आहेत. पाचवी-सहावीत ती हळूच शाळा सोडतात आणि हजेरीपटावरच्या नावाशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, “तुला कोणता शब्द लिहून हवा?” जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या. कुणी ‘आई’ मागितलं, कुणी ‘ट्रॅक्टर’. दोघांनी ‘भूत’ मागितलं आणि मग भूत मागणाऱ्यांची रांगच लागली. हा मुलगा पुढे आला, खाली बघत उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, “अम्मी.”

बाई क्षणभर थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, जोडाक्षर अजून झालेलंच नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘आई’ हा शब्द दोन सुट्या स्वरांचा. पहिल्या महिन्यात लिहिता येतो. ‘अम्मी’त ‘म’ला ‘म’ जोडलेला आणि वर दीर्घ वेलांटी. नेहमीच्या क्रमाने गेलं तर या मुलाला त्याची आई वर्षाच्या शेवटी भेटणार. तोवर तो इतरांच्या आईचं चित्र बघून ‘आई’ उतरवणार. यात कुणाचा दुष्टावा नाही. पुस्तक करणाऱ्यांना सोपं आधी, अवघड नंतर, असंच लावावं लागतं. पण सोपं कुणासाठी, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता, आणि मी तर त्याच घरातला.

बाईंनी क्रम मोडला. ठळक अक्षरात ‘अम्मी’ लिहून पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती खिशात घातली. पुढच्या शनिवारी ती चुरगळून मऊ झालेली, पण खिशात होती. बाईंनी फळ्यावर ‘मका’ लिहिलं तेव्हा तो जागेवरून उठला, फळ्यापाशी गेला आणि ‘म’वर बोट ठेवून म्हणाला, “ये अम्मी का म.” इतक्या दिवसांत त्याने क्रम न म्हणता ओळखलेलं हे पहिलं अक्षर.

बाईंनी हे पुस्तकात वाचून केलं नव्हतं. पुढे वाचताना मला कळलं, की न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका माओरी मुलांच्या वर्गात असंच करत. १९६३ साली त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक आलं. शाळेतली वाचनाची पुस्तकं माओरी मुलांच्या घराशी जुळत नव्हती, म्हणून त्या प्रत्येक मुलाला त्याचा शब्द विचारत आणि कार्डावर लिहून देत. प्रेमाचे आणि भीतीचे शब्द मूल एकदा पाहून विसरत नाही, असा त्यांचा अनुभव. गंमत म्हणजे तिथेही मुलांनी भूत मागितलं होतं! आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्याही मुलांच्या पाड्यावर गेल्या आणि शिंपले, बिया, पानं हीच शिकवण्याची साधनं केली. मुलाजवळ जे आहे तिथून सुरुवात करायची, हे आपल्याला नवं नाही.

पण इथेच भुलून चालत नाही, आणि हे मी कवी असून सांगतो. आवडीच्या शब्दाची जादू अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. दोन शनिवारांनी बाईंनी ‘अम्मी’शेजारी ‘अम्मा’ लिहिलं, तर त्याने तेही ‘अम्मी’च वाचलं. म्हणजे शब्द त्याला चित्रासारखा पाठ होता, आतली जोडणी कळली नव्हती. मग बाईंनी ती उघडून दाखवली. ‘मा’ म्हणताना तोंड उघडतं, ‘मी’ म्हणताना ओठ फाकतात. काना इथे, वेलांटी इथे. आता ‘मामा’ची ‘मामी’ कर, ‘काका’ची ‘काकी’ कर. नातेवाइकांची अशी अदलाबदल चालू झाली की वर्गात हसून पुरेवाट होते, आणि वेलांटी मात्र पक्की बसते. आवाज कोणता आणि त्याला चिन्ह कोणतं, हे मुलाला स्पष्ट शिकवावंच लागतं, रोज, थोडं थोडं. पुस्तकांत ठेवलं की मूल आपोआप वाचायला लागेल, असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा रात्री गोष्ट वाचून दाखवणारं कुणीतरी असतं.

आता त्या ‘ळ’ आणि ‘ण’च्या तहाकडे येतो. पहिलीतच एकदा गुरुजींनी श्रुतलेखन घातलं. मी ‘पानी’ लिहिलं, ‘फल’ लिहिलं. दखनीत हेच शब्द आहेत, मी रोज हेच बोलत होतो. गुरुजींनी पाटी उंच धरून वर्गाला दाखवली. हशा झाला. मारलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं होतं. मग कित्येक महिने मी ज्या शब्दात ‘ण’ येईल तो शब्दच टाळायचो. सहा वर्षांच्या वयात मी पर्यायी शब्द शोधायला लागलो, त्याचा पुढे कवितेला उपयोग झाला असेल. पण माझ्याबरोबरच्या दोघांनी तोंडच उघडायचं सोडलं.

आजही मुलं तशीच लिहितात. दखनीत अरबी ‘काफ’चा ‘ख’ होतो, म्हणून घरी ‘कलम’ला ‘खलम’ म्हणणारं मूल ‘खलम’ लिहितं. ते नीट ऐकतं आहे आणि ऐकलेल्या आवाजाला अचूक अक्षर देतं आहे. त्याला लिपी कळल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? जो फरक कानाला ऐकू येत नाही तो पेन्सिलीला काढता येणार नाही. म्हणून बाई आधी कान तयार करतात. वेल आणि वेळ, माल आणि माळ, मन आणि मण. एक शब्द म्हणायचा आणि मुलांनी योग्य चित्राकडे पळायचं. ‘मण’साठी त्यांनी धान्याचं पोतं काढलं आहे, आणि ‘मन’साठी काय काढावं यावर आमची दोघांची चर्चा अजून संपलेली नाही. ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळते, हे मुलं एकमेकांच्या तोंडात डोकावून बघतात. असे काही आठवडे गेल्यावर श्रुतलेखन येतं. तोवर ‘पानी’वर तांबडी रेघ मारली जात नाही, बाई शेजारी नुसतं ‘पाणी’ लिहून ठेवतात. पालकसभेत एका गृहस्थांनी यावर हरकत घेतली, “बाई, अशाने मुलं अशुद्ध शिकतील.” बाई म्हणाल्या, “आधी लिहिती तर होऊ देत, दादा.” ते पूर्ण पटल्यासारखे दिसले नाहीत.

२०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि हे २०२६-२७पर्यंत साधावं, असं त्यात ठरलं. उद्दिष्ट चांगलं आहे. तक्ते आले, प्रशिक्षणं झाली, बाईंच्या मोबाइलवर भरायचे रकानेही वाढले. या रकान्यांत ‘मूल बोललं का’ असा एक असता तर मला आवडलं असतं.

तो मुलगा आता दुसरीत आहे. अडखळत वाचतो, पण अर्थ लागला नाही तर थांबतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. परवाच्या शनिवारी वर्गात शिरताच त्याने मला गाठलं. बाजारात त्याने पाटी वाचली होती, ‘मटण’. त्याच्या मामूच्या दुकानावर ‘मटन’ आहे. यातलं चुकलेलं कोणतं? मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “दोन्ही लिही आणि पुढे कोण कसं म्हणतं ते लिही.” त्याने जमिनीवर खडूने लिहिलं : ‘मटन – मामू. मटण – बाई.’ मग खडू माझ्यापुढे धरून विचारलं, “और तुम?”

मी घरी एक म्हणतो आणि छापायला देताना दुसरं लिहितो. मी खाली बसलो आणि दोन्ही ओळींत माझं नाव लिहिलं. त्याने ते वाचलं. माझ्या नावात जोडाक्षर आहे, तिथे तो जरा थांबला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)